खूण घातलेला कपडा

त्या लाँड्रीत आलेल्या कपड्याला आधी खूण पडायची, मग पाणी लागायचं. हा नियम मावशींचा होता आणि त्याला अपवाद नव्हता. शर्ट असेल तर कॉलरच्या आत, चादर असेल तर कोपऱ्याला, मोजा असेल तर तळव्याला, पक्क्या काळ्या शाईने बारीक अक्षर आणि आकडा. नवेकोरे कपडे घेऊन आलेली गिऱ्हाइकं कुरकुरायची. मावशी मान वर न करता म्हणायच्या, "खूण नको असेल तर घरी धुवा. माझ्याकडे खुणेचा कपडा हरवत नाही. बिनखुणेचा कुठे गेला ते मला विचारायला येऊ नका."

यात फुशारकी नव्हती. वडील लाँड्रीवाले, सासरे लाँड्रीवाले. लग्नात लोकांनी विनोद केला होता की नवरीने नवऱ्याची कॉलर उलटून बघूनच होकार दिला असणार. नवरा अजून तो विनोद सांगायचा. "खूण घातली म्हणून टिकलो," म्हणायचा, "नाहीतर कधीच कुणाच्या तरी गठ्ठ्यात गेलो असतो." तो मागे बॉयलर आणि धुलाईची मोठी मशीनं सांभाळायचा, पोटभर वाफ खायचा आणि मोजकं बोलायचा. पुढचा काउंटर, खुणा, गिऱ्हाइकं आणि गल्ली हे सगळं मावशींकडे.

गल्ली त्यांच्याकडे म्हणजे अक्षरशः त्यांच्याकडे. मतदानाच्या दिवशी लाँड्रीची डिलिव्हरीची गाडी घरोघर थांबायची. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना दम लागतो, ज्यांना एकटं जायचा कंटाळा येतो, असे सगळे त्या गाडीत दाटीवाटीने बसायचे आणि केंद्राकडे जाता जाता मावशी सांगायच्या, कुणाला द्यायचं. वाद नसायचा. ज्या बाईने आपली एक उशीची खोळ कधी हरवली नाही, तिच्या हातात मत द्यायला हरकत काय, असा गल्लीचा साधा हिशेब.

देशात पक्ष ढीगभर असतील, गल्लीपुरते दोनच होते. एक म्हणायचा, बाहेरून आलेल्या आणि इथे राबणाऱ्या माणसांना कागद द्या, दारं उघडा. दुसरा म्हणायचा, कागद नसलेल्यांना परत पाठवा, दारं बंद करा. मावशींच्या भाषेत उघडवाले आणि बंदवाले. निवडणूक आली की दोघांनाही दारांचा कळवळा यायचा. निवडणूक संपली की दारं होती तशीच, ना धड उघडी ना धड बंद, वाऱ्यावर करकरत राहायची.

त्याच फटीतून इस्त्रीवाली आत आली होती. तरुणपणी, एका पिशवीनिशी. लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायची, खाली उतरून इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहायची, संध्याकाळी परत वर. तिची मावसबहीण दुसऱ्या कुठल्याशा गावात होती, बाकी कुणी नाही. तिने इस्त्री केलेली कॉलर दिवसभर वाकत नसे, म्हणून गंमत अशी की दोन्ही पक्षांच्या साहेबांचे पांढरे शर्ट तिच्याच हाताखालून जायचे आणि एकाच दांडीवर खांद्याला खांदा लावून लटकायचे. "इथे बघा युती," नवरा म्हणायचा.

उघडवाल्यांचं सरकार आलं तेव्हा त्यांनी नोंदणी योजना काढली. बाहेरून आलेल्यांनी पुढे यावं, नाव-पत्ता द्यावा, बोटांचे ठसे द्यावेत. कायदा पुढच्या अधिवेशनात होणारच आहे, तोवर त्यांना कुणी हात लावणार नाही. मावशी त्या दिवशी हवेतच होत्या. इस्त्रीवाली मात्र टेबलापासून हलेना.

"ताई, मला कुणी बघत नाही हेच बरं आहे," ती म्हणाली.

"कसलं बरं? पोलीस दिसला की रस्ता ओलांडतेस. दुकानात अनोळखी माणूस आला की वाफेमागे जाऊन उभी राहतेस. बिनखुणेचा कपडा आहेस तू. उद्या कुठे गेलीस तर मी शोधायचं कुठे?"

"कायदा झाला नाही तर?"

"मी मत दिलंय त्यांना. सगळी गल्ली घालून दिलंय. होईल कसा नाही?"

शेवटी मावशींनी तिला गाडीत घालून नेलं. ठसे झाले, फोटो झाला, पत्ता म्हणून लाँड्रीचाच पत्ता गेला. येताना मावशी इतक्या खूश होत्या की चुकीच्या वळणावर वळल्या. खूण घातली की कपडा आपल्या माणसाकडे परत येतो, एवढं त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. तीच खूण वाचून भलताच कुणी कपडा उचलून नेऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. लाँड्रीत तसं कधी घडलंच नव्हतं.

पुढच्या अधिवेशनात कायदा आला नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. समिती बसली, समिती उठली, आणि बंदवाल्यांचं सरकार आलं. त्यांनी पहिल्या झटक्यात नोंदणी योजना बंद केली. नोंदी मात्र जपून ठेवल्या. अगदी लाँड्रीवाल्याने ठेवाव्यात तशा.

आता पुन्हा निवडणूक तोंडावर आली होती आणि इस्त्रीवालीच्या नावाने नोटीस आली. गुरुवारी सकाळी कचेरीत समक्ष हजर राहा, इथे राहू का द्यावं याचं कारण सांगा. मतदान त्याच आठवड्यातल्या रविवारी. तिने नोटीस वाचली, चौकोनी घडी घातली, एप्रनच्या खिशात टाकली आणि समोरची कॉलर पुरी केली. बंदवाल्यांच्या साहेबांची होती.

"काहीतरी बोल," मावशी म्हणाल्या.

"पाणी संपलंय इस्त्रीतलं."

त्या दिवसापासून मावशींना बसवेना. काउंटरवरून उठायच्या, दारापर्यंत जायच्या, परत यायच्या. खूण घातलेल्या शर्टावर दुसऱ्यांदा खूण घातली, जे त्यांच्या हातून आयुष्यात घडलं नव्हतं. इस्त्रीवालीने एकदा आदळआपट करावी, तुमच्यामुळे झालं म्हणावं, म्हणजे भांडून तरी मोकळं होता येईल. पण ती बाई कपड्यांवर पाणी शिंपडत होती आणि इस्त्री फिरवत होती.

"बस की जरा," नवरा म्हणाला. "दोरीवरच्या चादरीसारखी फडफडते आहेस."

"तुम्हाला काय होतंय बसायला सांगायला. तिला नेऊन कुणी सोडलं तिथे?"

"तू."

"मग?"

"मग काही नाही. फडफड."

सोमवारी उघडवाल्यांचे साहेब प्रचाराला आले. दरवेळी यायचे, मावशींच्या काउंटरला टेकून उभं राहिलं की गल्ली खिशात, हे त्यांनाही ठाऊक होतं. मागे दोघं-तिघं कार्यकर्ते, एकाच्या हातात फोन.

"मावशी, यंदा सत्ता आली की पहिल्या अधिवेशनात कायदा. शब्द आहे माझा."

"सत्ता होती की तुमची."

"तेव्हा संख्याबळ कमी पडलं."

"कमी कसं पडलं? आम्ही तर दम्याची माणसंसुद्धा उचलून आणली होती."

"तसं नाही. वर फार गुंतागुंत असते, मावशी."

"वर इस्त्रीवाली राहते. तिथे एक खाट आहे आणि एक खिडकी. काही गुंतागुंत नाही."

कार्यकर्ते हसले, साहेबही हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी नोटिशीची सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, "भाषण नको, कायदाही राहू द्या. गुरुवारी सकाळी कचेरीत तिच्या शेजारी उभे राहा. बोलू नका हवं तर. खिडकीमागच्या माणसाला नुसते दिसा. तुमच्या योजनेत गेली ती, तुमच्या शब्दावर."

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "हे काय मागणं झालं? येतो म्हणजे येतो." मागच्या कार्यकर्त्याने फोनवरून नजर उचलली आणि पुन्हा खाली घातली. मावशींनी ते पाहिलं, पण शब्द मिळाल्याच्या आनंदात पाहिलं नाही असं केलं. आतल्या टेबलापाशी इस्त्रीचा फुसकारा तेवढा ऐकू येत होता.

संध्याकाळी बंदवाल्यांचा कार्यकर्ता शर्ट न्यायला आला. पोरगेलासा नव्हे, चांगला संसारी, पोट सुटलेला माणूस. मावशींनी त्यालाही सोडलं नाही.

"तुमच्या सरकारची नोटीस आली आमच्या इस्त्रीवालीला."

"तिला? छे हो. आम्ही बोलतो ते वाईट लोकांबद्दल."

"नोटीस तिला आली. वाईट लोकांना आली का ते मला माहीत नाही."

"कुणीतरी काढली असेल यांत्रिकपणे. निवडणूक होऊ द्या, आपण बघू."

"काय बघू?"

"बघू म्हणजे बघू. साहेबांची कॉलर दुसऱ्या कुणाला जमते का?"

"म्हणजे कॉलरपुरती ठेवणार तिला."

त्याने शर्टांचे हँगर बोटात अडकवले. मग आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखा म्हणाला, "मावशी, तुम्ही शहाण्या आहात म्हणून सांगतो. हा प्रश्न सुटला तर पुढच्या वेळी आम्ही काय बोलायचं? आणि ते तरी काय बोलणार?"

तो गेल्यावर मावशी बराच वेळ रिकाम्या दांडीकडे बघत होत्या. राग त्या माणसाचा नव्हता. त्या दिवसभरात खरं बोललेला तो एकटाच होता, याचा राग होता.

गुरुवारी दोघी वेळेच्या आधी कचेरीत पोचल्या. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, एकमेकींना खिळलेल्या. एका बाजूचा पंखा चालू, दुसऱ्या बाजूचा बंद, आणि सगळी माणसं साहजिकच एका बाजूला कोंबलेली. इस्त्रीवाली बंद पंख्याखाली जाऊन बसली. तिला उकाड्याचं काय कौतुक. मावशी दारात उभ्या राहिल्या. गाडी आली की पुढे व्हायच्या, साहेबांची नाही असं दिसलं की मागे यायच्या. असं किती वेळा झालं हे त्यांनाही आठवेना. शिपाई एकदा म्हणाला, "बाई, आत तरी या नाहीतर बाहेर तरी थांबा."

साहेब आले नाहीत. सोमवारचा तो फोनवाला कार्यकर्ता आला, गळ्यात पक्षाचा रुमाल घालून.

"साहेब सभेत अडकलेत. त्यांनी सांगितलंय, या ताईंचा एक फोटो घ्या. कचेरीच्या पाटीखाली, जरा रडवेला चेहरा. आजच सगळीकडे लावतो. खूप परिणाम होईल."

"कुणावर?"

"मतांवर."

इस्त्रीवालीने भिंतीकडे तोंड केलं. मावशी दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "फोन वर केलास ना, तर तो आमच्या बॉयलरमध्ये जाईल. आणि बॉयलर माझा नवरा चालवतो, त्याला विझवायची घाई नसते."

कार्यकर्त्याने काढता पाय घेतला. तेवढ्यात नाव पुकारलं. खिडकीमागच्या कारकुनाने नोटीस पाहिली, पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि कंटाळून म्हणाला, "निवडणुकीआधी कुठलाच निर्णय नाही. वरून तसं आलंय. सोमवारी या."

"सोमवारी निर्णय होईल?"

"सोमवारी कोण निवडून आलंय ते बघून होईल." मग इस्त्रीवालीकडे पाहून, "पत्ता तोच ना?"

इस्त्रीवाली थांबली. क्षणभरच, पण थांबली. तिचे ओठ उघडले होते, शब्द यायचा होता. आणि मावशी पटकन म्हणाल्या, "हो हो, तोच. लाँड्रीच्या वरची खोली, मागच्या जिन्याने."

काउंटरवर जन्म गेलेला. कुणी खूण विचारली की बिनचूक सांगायची, एवढंच त्या जिभेला माहीत. कारकुनाने बटण दाबलं. इस्त्रीवालीने मावशींकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर परवडलं असतं.

गाडीत बसेपर्यंत मावशींच्या लक्षात सगळं आलं होतं. मागचा जिनासुद्धा सांगितला. कुणी विचारलाही नव्हता.

शनिवारी संध्याकाळी इस्त्रीवालीने टेबल रिकामं केलं. आठवडाभराचे कपडे एकही मागे न ठेवता संपवले, इस्त्रीचं पाणी ओतून टाकलं, वायर गुंडाळली. मग काउंटरपाशी आली.

"ताई, उद्या सकाळी मला गाडीने सोडाल का? उद्या सगळे मतदानात असतात. रस्त्यात कुणी विचारत नाही."

"सोमवारी कचेरीत..."

"सोमवारी मी नाही जाणार."

मावशींच्या तोंडून जुनी सवय आधी बाहेर पडली. "अगं पण उद्या गाडी मतांना लागते."

"मग चालत जाईन."

मागून नवऱ्याचा आवाज आला. तो दारात हात पुसत उभा होता. "मतं चालत जातील की. त्यांना कुणी धरत नाही."

रविवारी सकाळी गाडी गल्लीतून निघाली तेव्हा कोपऱ्यावरच्या आजी ठेवणीतले कपडे घालून उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी हात केला. मावशींनी हात केला आणि गाडी पुढे काढली. आजींचा हात तसाच वर राहिलेला आरशात दिसला.

दोन तास गाडी चालली. मावशींनी मध्येच विचारलं, पाणी घेतलंस का. ती म्हणाली, घेतलं. मग त्यांनीच पुन्हा विचारलं. गोदामं संपली, विटांच्या भट्ट्या संपल्या, आणि एका मोठ्या चौकात, जिथे चारी बाजूंच्या बसगाड्या थांबतात, इस्त्रीवाली म्हणाली, "इथे थांबवा."

"इथे? अगं इथे काय आहे? बहिणीकडेच जातेस ना? पत्ता सांग, दारात सोडते."

"नको ताई."

"का नको? मी काय पाहुणचार मागणार आहे?"

"तुम्हाला सोमवारी कुणी विचारेल. तुम्ही खरं सांगाल." ती हसली नाही, रागावलीही नाही. कॉलरवर सुरकुती आहे असं सांगावं तसं म्हणाली. "तुमच्या जिभेवर राहत नाही."

इस्त्रीवालीने पिशवी मांडीवर घेतली, उतरण्याआधी हात पुढे केला आणि मावशींची कॉलर एका बाजूने दुमडली होती ती सरळ केली. हाताची सवय. मग दार लागलं.

समोरचा आरसा अशा कोनात होता की त्यात तिची पाठ दिसत होती. ती कुठल्या बसकडे जाते ते आता कळलं असतं. बसवर पाटी होती, मावशींची नजर अजून चांगली होती, आणि एकदा वाचलेलं त्या विसरत नसत. त्यांनी हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवला. मग चौकातून बसगाड्या एकेक करून सुटेपर्यंत, स्टिअरिंगवर बोटं आपटत, छताच्या मळक्या रेक्झिनकडे बघत बसून राहिल्या.

परत आल्या तेव्हा दुपार टळत आली होती. गल्लीतलं निम्मं जग चालत जाऊन आलं होतं. उरलेले, गुडघेवाले आणि दमवाले, आजींच्या ओट्यावर रांगेने बसले होते. उघडवाल्यांचा तो फोनवाला कार्यकर्ता घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होता.

"मावशी, कुठे होतात? सकाळपासून फोन लावतोय."

"डिलिव्हरी होती."

"आज? रविवारी?"

"आजच द्यायची होती. सरक, माणसांना चढू दे."

गाडी भरली. निघाल्यावर आजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यंदा कुणाला ग?"

"मला माहीत नाही."

मागून एक निवृत्त मास्तर म्हणाले, "असं कसं? दरवेळी तुम्हीच सांगता."

"दरवेळी मला माहीत होतं असं वाटायचं. तुम्ही शाळेत शिकवलंय ना? करा विचार."

"आता विचार? केंद्र पाच मिनिटांवर आलं," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्या गाडीत भांडण सुरू झालं. कुणी म्हणालं हे चोर, कुणी म्हणालं ते चोर. आजी म्हणाल्या, "मग मी आले कशाला, घरीच बरी होते." मावशींनी कुणाचीच बाजू घेतली नाही. केंद्राच्या दारात एकेकाला हात देऊन उतरवलं.

स्वतः त्या सर्वांत शेवटी आत गेल्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे कागद समोर ठेवून, शिक्का हातात घेऊन उभ्या राहिल्या. वर उघडवाले, खाली बंदवाले. तो हात जन्मभर कशा ना कशावर खुणा घालत आला होता, थबकणं त्याला माहीत नव्हतं. तो वरच्या चिन्हावर गेला, खालच्यावर गेला, पुन्हा वर. बाहेरून कुणीतरी खाकरलं. मावशींनी शिक्का जागेवर ठेवला, कोरा कागद कोपऱ्याला कोपरा लावून चादरीसारखा दुमडला आणि पेटीत टाकला.

उघडवाल्यांचे साहेब थोडक्यात निवडून आले, सरकारही त्यांचंच येणार होतं. सोमवारी दुपारी त्यांचा माणूस शर्ट न्यायला आला, म्हणाला, आता पुढच्या अधिवेशनात नक्की. मावशींनी शर्ट हातात दिला. बंदवाल्यांचा पोटवालाही आला. त्याने कॉलर उलटीसुलटी करून पाहिली.

"मावशी, हे काय? कुणी केली ही इस्त्री?"

"नवऱ्याने."

"आणि ती?"

"दारं बंद करा म्हणत होतात ना? झाली."

तो हँगर घेऊन गेला.

संध्याकाळच्या सुमारास कचेरीचा माणूस आला. नव्या सरकारचा शपथविधी अजून व्हायचा होता, जुन्या नोटिसा चालूच होत्या. तो मागच्या जिन्यानेच वर जाऊन आला, मग काउंटरपाशी उभा राहिला.

"खोली रिकामी आहे. कुठे गेली?"

"माहीत नाही."

"इतकी वर्षं तुमच्याकडे होती. काही पत्ता, कुणी नातेवाईक?"

"पत्ता माहीत नाही."

त्याने मावशींच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्याने रोज पाहिली असणार, आणि ही बाई खोटं बोलत नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. मागच्या दारात नवरा येऊन उभा राहिला होता. माणसाने काहीतरी खरडलं आणि निघून गेला.

मावशींनी समोरच्या गठ्ठ्यातली चादर ओढली, कोपरा शोधला, शाईची लेखणी उचलली. मग ती तशीच खाली ठेवून दारात गेल्या, रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं आणि आत आल्या.

"बस जरा," नवरा म्हणाला.

त्या पुन्हा दारात गेल्या.